एक निगेटिव्ह घेऊन कल्याणला

लोक काशीला जाऊन येतात, परदेश बघून येतात आणि मग लिहितात. मी वर्तकनगरहून निघून वागळे इस्टेट, दिवा आणि कल्याण एवढंच फिरलो, दोन दिवसांत घरी परतलो आणि तेवढ्यावर लिहायला बसलो आहे. ठाण्यातला कुणीही हसेल. पण हा प्रवास मी चाळीस वर्षांपूर्वी करायला हवा होता. तो टाळला, आणि का टाळला हे सांगणंही टाळलं. बायकोला सांगितलं नाही, ती गेली. मुलाने कधी विचारलं नाही. आता सांगतो, कारण परवापासून मला झोप नीट लागते आहे.

मी ठाण्यातल्या एका फोटो स्टुडिओत रिटचर होतो. हे काम आता कुणाला ठाऊक नसेल. तेव्हा आमच्याकडची निगेटिव्ह पोस्टकार्डाएवढी असे. तिच्यावर वॉर्निशसारखा एक पातळ हात द्यायचा, तो वाळला की ती दिव्याच्या काचेवर ठेवायची आणि टोकदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके देत जायचं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. गालावरचा काळा डाग तिथे पारदर्शक दिसतो. ती जागा पेन्सिलीने भरली की छापलेल्या फोटोत डाग नाहीसा. देवीचे व्रण, तीळ, डोळ्यांखालची वर्तुळं मी अशी घालवत असे. लग्नासाठी दाखवायच्या फोटोंवर स्टुडिओ चाले, आणि त्या धंद्याचा एक नियम होता: रिटच केलं हे कुणाला सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "कॅमेऱ्याने पाहिलं तेच छापलंय."

वर्तकनगर, शुक्रवार

समोरच्या इमारतीत केतकी राहते. तिशीच्या आतली मुलगी, फोटोग्राफर. ती खेळाडूंचे फोटो काढते, पण पळताना-उड्या मारताना नव्हे. ज्या गोष्टीसाठी ते अडून बसले आहेत ती गोष्ट घेऊन त्यांना शांत उभं करते. डोंबिवलीतल्या एका शाळेच्या सभागृहात तिचं प्रदर्शन लागायचं होतं. छापलेले फोटो दाखवायला ती माझ्याकडे आली.

"नाना, चुका काढा. कौतुक नको, ते घरचे करतात."

पहिल्या फोटोत एक पैलवान भर मैदानात मांडी घालून बसलेला. ते मैदान वाहनतळाला जायचं होतं. दुसऱ्यात एक धावपटू मुलगी, कपाळाला निळी पट्टी. प्रशिक्षकाने पट्टी काढ म्हटलं तेव्हा तिने शर्यत सोडली होती. "आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसाची आठवण म्हणून बांधते. तिची श्रद्धा आहे," केतकी म्हणाली.

तिसरा फोटो दिव्याचा. कबड्डीच्या पोशाखातली मुलगी, काखेत रिकामा हंडा, तोंड खाली केलेला. वस्तीला पाणी मिळेपर्यंत तिथल्या मुली प्रत्येक सामन्याआधी असा हंडा मैदानाच्या रेषेवर पालथा घालून ठेवतात. मुलीच्या मागे नळाशी एक म्हातारी होती. नळावर तिचा उजवा हात, आणि त्या हाताला तीनच बोटं.

मी फोटो खाली ठेवला.

"आऊट ऑफ फोकस आहे ना मागचं?" केतकीने विचारलं. "मुद्दामच ठेवलंय."

"ही बाई कोण?"

"मुलीची आजी. हिराबाई. तीपण खेळायची म्हणे. नाना, पाणी देऊ का? काय झालं?"

मी उठून कपाट उघडलं. इस्त्रीच्या कपड्यांखाली बिस्किटांचा एक चपटा डबा होता. त्यात एकच निगेटिव्ह होती.

वागळे इस्टेट, शनिवार

केतकीला सगळं तिथेच जाऊन सांगायचं असं मी ठरवलं. स्टुडिओचे फोटो पोचवायला मी औषधाच्या गोळ्यांच्या ज्या कारखान्यात जात असे, तो मला डोळे मिटून सापडला असता, पण डोळे उघडल्यावर सापडेना. त्या जागी काचेची इमारत उभी आहे. दारावरच्या रखवालदाराने अडवलं.

"किससे मिलना है, अंकल?"

"इथे पूर्वी कॅन्टीन होतं."

"अब फूड कोर्ट है. तिसरा माला."

आम्ही वर गेलो. एका भिंतीवर कुणा परदेशी धावपटूचं छतापर्यंत पोचणारं चित्र होतं आणि खाली इंग्रजीत, थांबू नका, अशा अर्थाचं काही. त्या चित्राखाली बसून लोक शांतपणे नूडल्स खात होते. आमच्या काळी तिथे दोन-तीन घास झाले की भोंगा व्हायचा. मी इडली मागवली, ती खाल्ली नाही, आणि बोलायला लागलो.

त्या कारखान्यातल्या पॅकिंगच्या मुलींचा कबड्डीचा संघ होता. हिरा डावा कोपरा सांभाळायची, सुमन कर्णधार. दोघी जिवलग. एके दिवशी मशीनमध्ये हिराची दोन बोटं गेली. कंपनीने तिचाच निष्काळजीपणा ठरवून तिला कामावरून काढलं. बाकीच्या सातजणींनी दंडाला काळी फीत बांधली: हिराला परत घेईपर्यंत सोडायची नाही. फीत बांधून त्या काम करत, फीत बांधून खेळत, आणि तशाच खेळून त्यांनी कारखान्यांची स्पर्धा जिंकली. जिंकणाऱ्यांचे फोटो कॅन्टीनमध्ये लावायची कंपनीची प्रथाच होती. मुलींनी डोकं लढवलं. फोटो काढायचे ते फितीसकट. म्हणजे निषेध कंपनीच्याच भिंतीवर, कंपनीच्याच चौकटीत टांगला जाईल.

"सॉलिड!" केतकी म्हणाली.

आपापली पाळी संपवून एकेकटी येऊन त्यांनी आमच्याकडे फोटो काढून घेतले. सुमनचा सगळ्यांत चांगला आला. मान ताठ, दंडावर फीत.

दोन दिवसांनी सुमनची आई आली. सुमनला स्थळ आलं होतं. काळी फीत बांधलेला फोटो मुलाकडे पाठवायचा कसा? ती दबकत म्हणाली, "एकच प्रत करा, फितीशिवाय. आणि मग लगेच होतं तसं करून ठेवा हं. पोरीची शपथ आहे ती, माझ्यापायी मोडायला नको. तिला कळूही देऊ नका." मी म्हटलं, "पेन्सिलीचं काम आहे मावशी. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की गेलं. पुसून ठेवतो."

ते काम मी तीन दिवस केलं. डाग झाकणं सोपं असतं. इथे खेळाडूच्या दंडाची गोलाई, स्नायूची सावली पुन्हा उभी करायची होती. आयुष्यात इतकं चांगलं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. मावशी प्रत घेऊन गेली. बोळा आणि बाटली माझ्या टेबलावरच होती. पण ते काम माझ्याने पुसवेना. उद्या पुसू म्हणून मी निगेटिव्ह पाकिटात ठेवली.

त्याच आठवड्यात स्टुडिओच्या मालकांनी कंपनीसाठी सातही फोटो छापले. कॅन्टीनच्या भिंतीवर सहाजणींच्या दंडावर फीत होती, कर्णधाराच्या नव्हती. कंपनीचा साहेब मुलींना म्हणाला, "बघा, तुमच्या कॅप्टनला तरी अक्कल आहे."

"मग तुम्ही सांगितलं ना?" केतकीने विचारलं.

"हिरा स्टुडिओत आली. हाताला बँडेज. मालक गल्ल्यावर बसलेले. तिने मला विचारलं, 'खरं सांगा, सुमनने फीत काढून फोटो काढला का?' मी म्हटलं, 'कॅमेऱ्याने पाहिलं तेच छापलंय.'"

केतकीने माझी थंड इडली स्वतःकडे ओढली आणि चमच्याने तिचे तुकडे करत बसली.

मग मी मावशीचं सांगितलं. तीही आली होती, त्यानंतर दोन दिवसांनी. काचेतून तिला येताना पाहिलं आणि मी डार्करूममध्ये शिरलो, दाराला आतून कडी घातली. दारावरचा लाल दिवा लागलेला असला म्हणजे आत फोटो धुणं चालू, तेव्हा मालकसुद्धा ते दार उघडत नसत. ती बाकावर बसून राहिली. मी आत उभा. तासाभराने बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता.

फिती एकेक करून सुटल्या. हिराला परत घेतलं नाही. सुमनला सगळ्या फितूर म्हणू लागल्या. तिने कारखाना आणि खेळ दोन्ही सोडलं. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी जुन्या निगेटिव्ह भंगारात दिल्या. ही एक मी खिशात घातली. नंतर तरी पुसायची होती. पण पेन्सिल हा माझ्या खोटेपणाचा पुरावा होता, आणि माझं सर्वांत चांगलं कामही. त्यातलं नेमकं काय मी जपत होतो, ते मला आजही सांगता येत नाही.

"उद्या दिवा," केतकी उठत म्हणाली. तिने मला विचारलं नव्हतं.

दिवा, रविवार सकाळ

रिक्षाने गेलो. रस्त्याबद्दल एवढंच सांगतो की शिळफाट्यापाशी एका खड्ड्यात माझ्या पिशवीतली टर्पेंटाइनची बाटली सांडली. निगेटिव्हचा डबा माझ्या मांडीवर होता म्हणून वाचला. हातरुमाल मात्र भिजून चिंब झाला. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "काका, रंगकामाला निघाले का?"

दिव्यात इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात ठसका काढते. चौथ्या मजल्यावर हिराबाईंच्या घरी गेलो. दारापासून मोरीपर्यंत पिंप, बादल्या, कळशा. ठाण्यात पाहुणा आला की आम्ही विचारतो, चहा की कॉफी. इथे आधी पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला समोर आला. मी अर्धा प्यायलो आणि सवयीने खाली ठेवला.

हिराबाई त्या पेल्याकडे बघत राहिल्या. "पूर्ण प्या. अर्धं ठेवायची श्रीमंती आमच्याकडं नाय."

मी पूर्ण प्यायलो. मग डबा उघडून मी कोण ते सांगितलं, आणि बाकीचंही सांगितलं. वाक्यं घरी पाठ केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मधेच त्यांनी हात वर केला, तो तीन बोटांचा.

"थांबा. मी तुम्हाला विचारलेलं. तोंडावर विचारलेलं."

"हो."

"आणि तुम्ही तोंडावर खोटं बोललात."

"हो."

त्या उठून आत गेल्या. आता बाहेर काढणार असं मला वाटलं. केतकीने माझ्या दंडावर हात ठेवला. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. बराच वेळ येत राहिला. बाहेर आल्या त्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन. मी ब्राह्मणाचा, घरी कधी बोंबील शिजला नाही. त्या दिवशी खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाचं, असं मी म्हटलं आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

"माझ्यासाठी बांधलेली फीत, तीच सोडली म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं," त्या म्हणाल्या. "तिच्या लग्नाला नाय गेले. माझा मालक वारला तेव्हा ती आली, दारातनं परत पाठवली मी तिला. आता तुम्ही सांगताय."

"त्या कुठे असतात, माहीत आहे?" केतकीने विचारलं.

"कल्याणला, रामबागेत. पत्ता पाठ आहे. ज्याच्याशी भांडण त्याचा पत्ता ठेवावाच लागतो गं, चुकून त्या गल्लीत जायला नको म्हणून." त्यांनी पदर खोचला. "चला. माझी चप्पल बघा कुठाय."

कल्याण, त्याच दुपारी

दार सुमनताईंनीच उघडलं. पांढरे केस, चष्मा, मान तशीच ताठ. आधी त्यांना मी दिसलो, मग केतकी. हिराबाई जिन्याच्या वळणावर थांबल्या होत्या.

"कोण पाहिजे?"

हिराबाईंनी खालूनच तीन बोटांचा हात वर केला.

सुमनताई बघत राहिल्या. "डावा कोपरा," त्या म्हणाल्या. मग एकदम, "चप्पल आत काढ. बाहेर चोरतात."

बसायच्या खोलीत टीव्हीच्या वर त्यांच्या आईचा हार घातलेला फोटो होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. सकाळी एकदा सांगून झाल्यामुळे या वेळी शब्द सापडले. मी क्रमाने सगळं सांगितलं: आईची विनंती, मी दिलेला शब्द, न पुसलेली पेन्सिल, हिराला दिलेलं उत्तर, डार्करूमची कडी. शेवटी हात जोडून म्हटलं, "सुमनताई, मी चुकलो. तुमची माफी मागायला आलोय."

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होत्या.

"आई तेच म्हणायची," त्या हळू म्हणाल्या. "म्हणायची, मी एकच प्रत सांगितली होती, तो पुसणार होता. मी म्हटलं, फोटो म्हणजे काय पाटी आहे, ओल्या फडक्याने पुसायला? मला वाटायचं, तिनेच कंपनीच्या माणसाला गाठून फोटो बदलला, माझं लग्न व्हावं म्हणून. शेवटच्या आजारपणात सगळं केलं मी तिचं. पण सरळ नाही बोलले. ती जाईपर्यंत नाही." त्यांनी चष्मा काढला. "खरंच पुसतं का ते?"

"पुसतं. पण चाळीस वर्षं झालीत. खालचा थरच निघून आला तर सगळंच जाईल. चेहरासुद्धा."

"पुसा."

"सुमे, राहू दे," हिराबाई म्हणाल्या. "माझा बसला विश्वास."

"तुझ्यासाठी नाही पुसत आहेत."

बाटलीत थेंब नव्हता. पिशवीतला रुमाल मात्र अजून ओला होता. त्याचं टोक बोटाला गुंडाळलं, निगेटिव्ह टेबलावर कोऱ्या कागदावर ठेवली. केतकीने माझं मनगट खालून धरलं. वॉर्निश सुरुवातीला हललं नाही. मग रुमालावर राखाडी डाग दिसला. पेन्सिल निघत होती, ठिपका ठिपका दिलेले माझे तीन दिवस निघत होते. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. वाईट वाटलं नाही. खूप दिवस तोंडात धरलेला घास थुंकून टाकावा तसं मोकळं वाटलं.

पुसून झाल्यावर सुमनताईंनी निगेटिव्ह कडेला धरून खिडकीशी नेली. चेहरा शाबूत होता. दंडावर आडवी, स्वच्छ पट्टी उघडी पडली होती आणि तिच्यातून खिडकीचा उजेड आरपार येत होता.

केतकीने मोबाईलवर निगेटिव्हचा फोटो घेतला, त्यातलं काळं-पांढरं उलटं केलं आणि मोबाईल दोघींसमोर धरला. मान ताठ, दंडावर काळी फीत.

"बांधलेली होती गं," हिराबाई म्हणाल्या.

"चाळीस वर्षं तेच बोंबलत्येय मी!"

आणि त्या हसायला लागल्या. आधी सुमनताई, मग दोघी, सोफ्यावर एकमेकींच्या खांद्यावर आपटत. मधेच ते हसणं रडणं झालं आणि पुन्हा हसणं झालं. मला आणि केतकीला कुठे बघावं कळेना, म्हणून आम्ही समोरचा चिवडा खात बसलो. चांगला होता, दगडी पोह्यांचा, भरपूर खोबऱ्याचा.

मग केतकीने त्यांचा फोटो काढायचं ठरवलं. सुमनताईंच्या नातीच्या वेणीची काळी रिबीन सापडली. हिराबाईंनी ती तीन बोटांनी आणि दातांनी सुमनताईंच्या दंडाला बांधली.

"घट्ट झाली का?"

"तुझी पकड सुटलीय आता. पूर्वी चढाईवाली ओरडायची."

"अगं, तेव्हा पाच बोटं होती!"

"ताई, इकडे बघा," केतकी म्हणाली.

"सुरकुत्या येतील ना गं?"

"येऊ देत," हिराबाई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "यांच्या हाती नको देऊ म्हणजे झालं."

निघताना मी सुमनताईंना पुन्हा हात जोडले. त्यांनी ते खाली केले.

"मला सांगितलंत, पोचलं. तुम्ही आलात, हे बरं केलंत. पण दाराला कडी लावलीत ती माझ्यासाठी नाही." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "तिला सांगा."

मी फोटोसमोर उभा राहिलो. "मावशी," एवढं म्हटलं. पुढचं बोलणार होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून जळका वास आला. "अगं, दूध!" म्हणून सुमनताई धावल्या, हिराबाई त्यांच्यामागे. आतून भांड्यांचा आणि एकमेकींना रागावल्याचा आवाज यायला लागला. केतकी म्हणाली, रिक्षा खाली उभी आहे. मी निघालो.

डोंबिवली, पुढचा शनिवार

प्रदर्शनात पैलवान, निळ्या पट्टीची धावपटू, हंडेवाली मुलगी, आणि शेवटच्या भिंतीवर दोन फोटो शेजारी-शेजारी. एकात तरुण सुमन, एकात दोघी म्हाताऱ्या. खाली केतकीने माझ्याकडूनच लिहून घेतलेला मजकूर: 'ही फीत त्यांनी कधीच सोडली नव्हती. ती फोटोतून मी घालवली होती.' खाली माझं नाव. लोक वाचत होते, वळून माझ्याकडे बघत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. हिराबाईंनी संघातल्या आणखी दोघींना शोधून आणलं होतं. त्या सुमनताईंना घेरून एकदमच बोलत होत्या. शाळेबाहेर उसाचा रस घेतला, आलं जास्त घालून, आणि हलक्या अंगाने घरी आलो.

सगळं जागच्या जागी लागलं आहे. सुमनताईंच्या घरी 'मावशी'च्या पुढे जे राहिलं ते तेवढं उरलं, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

मावशी, तुम्ही बाकावर बसला होतात तेव्हा आत मी कुठलाच फोटो धूत नव्हतो. लाल दिवा उगाच लावला होता.